आईंनी मागितले आहे, तर फादरांना आताच बोलवा

प्रश्न : मी जन्माने हिंदू आहे. 19 वर्षांपूर्वी लग्न होऊन मरोळ गावठाणातल्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिक, कुटुंबात आले. माझ्या सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि आता केमोचा उपयोग होणार नाही, असे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले आहे. आईंना मात्र हे कोणीच स्पष्ट सांगितलेले नाही. घरी ऑक्सिजन लावला आहे, वेदनांसाठी मॉर्फिन सुरू आहे. मागच्या आठवड्यात एका रात्री त्या मला म्हणाल्या, "माझं कन्फेशन राहिलंय गं, फादरांना बोलाव." मी हे पतींना आणि दिरांना सांगितले. दोघांचेही म्हणणे असे की फादर तेल घेऊन घरात आले की आई समजेल, आता सगळे संपले, आणि धीर सोडेल. म्हणून अगदी शेवटी बोलावू. कुवेतला असलेली नणंदही तेच म्हणते. मी कॅथलिक नाही, तरी मी फादरांना फोन करू शकते का? शेवटपर्यंत थांबणे योग्य आहे का? आणि तोवर त्या बेशुद्ध झाल्या तर?
– एक सून, मरोळ

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे आणि दुसऱ्याचे नाही. फोन तुम्ही करू शकता, आणि तो आज किंवा उद्या करावा, शेवटची वाट पाहू नये, असे मी तुम्हाला मनापासून सुचवते. 1983 साली लागू झालेल्या कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, संहितेतील कलम 1001 हे आजारी माणसाला योग्य वेळी तैलाभ्यंग संस्काराचा, म्हणजे पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या विधीचा, आधार मिळवून देण्याची जबाबदारी जशी धर्मगुरूंवर टाकते, तशीच आप्तांवरही टाकते. रात्री त्यांच्या उशाशी बसणारी सून आप्त नाही, असे कोणताही धर्मगुरू म्हणणार नाही. फोन करणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. आजारी माणूस कोण आहे आणि त्याची इच्छा काय आहे, एवढेच पाहिले जाते.

तुमचे पती आणि दीर निष्ठुर आहेत म्हणून अडवत नाहीत, हे तुम्हीही जाणता. त्यांची भीती अनेक पिढ्यांची आहे. हा संस्कार शतकानुशतके इतका लांबवला गेला की तो मरणशय्येवरचा शेवटचा विधीच मानला जाऊ लागला, आणि पांढऱ्या झग्यातले फादर गावठाणाच्या गल्लीत शिरले की शेजारी दारात येऊन हळहळू लागत. चर्चची शिकवण मात्र इतकी आखूड कधीच नव्हती. 1551 मध्ये ट्रेंट येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेनेही हा संस्कार आजाऱ्यांसाठी आहे असे सांगून, मृत्यूच्या जवळ पोचलेल्यांना तो विशेषकरून द्यावा, असे म्हटले होते. केवळ त्यांनाच द्यावा, असे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये हे आणखी स्पष्ट केले. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला की त्याच क्षणी या संस्काराची योग्य वेळ आलेली असते, अशी परिषदेची शिकवण आहे. पुढे 30 नोव्हेंबर 1972 रोजी पोप सहावे पॉल यांनी विधीची नवी रचना जाहीर केली. त्यानुसार धर्मगुरू कपाळावर आणि तळहातांवर तेल लावून प्रार्थना करतात की प्रभूने आपल्या प्रेमाने आणि दयेने, पवित्र आत्म्याच्या कृपेने तुला साहाय्य करावे, पापांतून सोडवून तुला तारावे आणि उठवावे. त्या शब्दांत मृत्यूचा उल्लेखही नाही. तुमच्या दिरांनी ही प्रार्थना एकदा शांतपणे वाचावी, असे मला वाटते.

आता "अगदी शेवटी बोलावू" याचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, ते पाहू, कारण तुमच्या घरचा निर्णय याच ठिकाणी चुकतो आहे. गंभीर आजारी कॅथलिक व्यक्तीला चर्च तीन संस्कार देऊ करते. पहिला पापनिवेदनाचा, म्हणजे कन्फेशनचा, दुसरा तैलाभ्यंगाचा, आणि तिसरा, मृत्यू जवळ आला असता, ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर म्हणून दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीचा; या वेळच्या ख्रिस्तप्रसादाला व्हायाटिकम म्हणतात. आयुष्याचा शेवटचा संस्कार खरे तर तेलाचा नसून हा ख्रिस्तप्रसाद आहे, हे पुष्कळ कॅथलिक कुटुंबांनाही ठाऊक नसते. या तिघांपैकी तैलाभ्यंग तेवढा माणूस बेशुद्ध असताना देता येतो. कन्फेशनला शुद्ध लागते. बोलता आले नाही तरी निदान मान हलवण्याइतकी, हात दाबण्याइतकी खूण करता यावी लागते. ख्रिस्तप्रसादाला गिळण्याची शक्ती लागते. म्हणजे शेवटपर्यंत थांबल्याने आईंना तिघांतला जेमतेम एक मिळेल आणि दोन हातचे जातील. शिवाय जे जाईल त्यात नेमके तेच असेल, जे त्यांनी स्वतः मागितले आहे. त्यांनी तेल मागितलेले नाही, कन्फेशन मागितले आहे, आणि आज त्या बोलू शकतात म्हणूनच त्याला अर्थ आहे.

मला विचाराल तर मुंबईतल्या कॅथलिक घरांमध्ये आजाऱ्याचे आध्यात्मिक नुकसान सर्वांत जास्त होते ते याच प्रेमळ दिरंगाईने. जुने एखादे ओझे असते. भावकीतल्या जमिनीचा वाद असेल, न बोललेली बहीण असेल, कोणाला कधीच न सांगितलेली एखादी गोष्ट असेल. ते काय आहे याचा तर्क तुम्ही करू नये आणि त्यांना विचारूही नये. धर्मगुरू ते ऐकतील आणि कोणत्याही कारणासाठी, कोणाजवळही उघड करणार नाहीत. कन्फेशनचे गुपित मोडणे चर्चमध्ये अत्यंत गंभीर गुन्हा मानले जाते. ज्या बाईने घरातल्यांसमोर आयुष्यभर धीर दाखवला, तिला तो बाजूला ठेवून बोलण्याची ही एकच जागा उरलेली असू शकते. तिच्या वाटेत आपण उभे राहू नये.

तेल एकदाच लावता येते, म्हणून ते शेवटासाठी राखून ठेवावे, असा आणखी एक गैरसमज असतो. तो खरा नाही. बरे होऊन पुन्हा आजारी पडलेल्या माणसाला, किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक ढासळलेल्या माणसाला, हा संस्कार पुन्हा देता येतो. आज संस्कार घेतल्याने उद्याचे दार बंद होत नाही. 11 फेब्रुवारी हा लूर्दच्या मरिया मातेच्या सणाचा दिवस. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या इच्छेनुसार 1993 पासून तो जागतिक रुग्णदिन म्हणूनही पाळला जातो. त्या सुमारास अनेक चर्चमध्ये वयोवृद्धांना आणि आजाऱ्यांना मिस्सामध्येच, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेतच, एकत्र तैलाभ्यंग दिला जातो, आणि ती माणसे आपल्या पायांनी घरी परततात, पुढची कित्येक वर्षे जगतात. तुमच्या पतींनी असा मिस्सा एकदा पाहिला असता, तर त्यांची निम्मी भीती तिथेच गेली असती.

आईंना आजाराविषयी काय सांगावे, हा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, पण तो पत्रात आहेच. त्यांना रिपोर्ट वाचून दाखवा असे मी म्हणणार नाही. परंतु जिचे वजन उतरले आहे, नाकाला ऑक्सिजनची नळी आहे, जिची केमो थांबली आहे आणि जिच्यासमोर मुलगे डोळ्यांतले पाणी लपवत वावरतात, त्या बाईला काही कळलेले नाही असे मानणे हे तिच्या बुद्धीचा मान राखणे नव्हे. "माझं कन्फेशन राहिलंय" हे वाक्य अंधारात असलेल्या माणसाचे नाही. मला वाटते, त्या तुमच्यापेक्षा अधिक जाणतात आणि मुलांना त्रास होऊ नये म्हणून गप्प आहेत. मुलगे आईला त्रास होऊ नये म्हणून गप्प आहेत. आणि तुम्ही घरच्या आहात पण त्यांच्या पोटच्या नाहीत, म्हणून त्यांनी तुमच्याजवळ बोलणे सोपे मानले. त्यांनी सरळ विचारले की माझे आता किती राहिले आहे, तर खोटे बोलू नका. "डॉक्टर म्हणतात की आजार वाढला आहे, पण तुम्हाला दुखू नये याची काळजी आम्ही घेणार आहोत आणि तुमच्याजवळच राहणार आहोत," एवढे उत्तर खरे आहे आणि पुरेसेही आहे.

पतींशी बोलताना "बोलवावे का" असा प्रश्न ठेवू नका, कारण त्याचे उत्तर आईंनी देऊन टाकले आहे. "आईंनी मागितले आहे, आणि आपण सांगितलेच नाही हे त्यांना कळले तर त्यांना काय वाटेल," असे म्हणा. श्रद्धावंताला संस्कार मागण्याचा हक्क आहे आणि योग्य रीतीने मागणाऱ्याला धर्मगुरूही तो नाकारू शकत नाहीत. मग मुलांनी तो नाकारावा, हे कसे योग्य ठरेल? त्याउपर पतींची शंका राहिली, तर दोन्ही मुलांनी आईजवळ बसून स्वतः विचारावे, "आई, फादरांना बोलवू का?" त्या हो म्हणाल्या की विषय संपला. मात्र "फादर सहज इकडे आले होते" असा बनाव करू नये. आजारी माणसापासून आधीच पुष्कळ लपवलेले असते, निदान त्याच्या प्रार्थनेत तरी लपवाछपवी नसावी. पुष्कळ धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेला जातो. तुमच्या चर्चमध्ये ती सोय असेल तर आईंचे नाव त्या यादीतही द्या, म्हणजे चर्चचे येणे ही त्या घरात नेहमीची गोष्ट होईल. ख्रिस्तप्रसाद त्यासाठी नेमलेले प्रापंचिकही, म्हणजे धर्मगुरू नसलेले श्रद्धावंतही, आणू शकतात. कन्फेशन आणि तैलाभ्यंग यांसाठी मात्र धर्मगुरूच लागतात.

फोन चर्चच्या कार्यालयात करा. शक्य तर सकाळी करा, कारण एकेका चर्चमध्ये दोन-तीनच फादर असतात आणि शाळा, अंत्यविधी, मिस्सा यांतून वेळ काढून त्यांना यायचे असते. प्रकृती एकाएकी बिघडली तर वेळ न पाहता रात्रीही फोन करावा. फोनवर काही गोष्टी नेमक्या सांगा. आजारी व्यक्ती पूर्ण शुद्धीत आहे आणि कन्फेशन मागते आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा. त्यांना मराठीत बोलायचे आहे हेही सांगा, कारण मुंबईत अनेक फादर गोव्याचे किंवा मंगळूरचे असतात आणि त्यांना इंग्रजी व कोकणी अधिक जवळची असते. ज्या भाषेत बाई आयुष्यभर प्रार्थना करत आली तीच भाषा समजणारे फादर मिळाले तर उत्तम, आणि बहुतेक वेळा अशी सोय होते. मॉर्फिननंतर ग्लानी येत असेल तर दिवसातली त्यांची सर्वांत सावध वेळ कोणती, ते कळवा. गिळायला त्रास होतो का, हेही सांगा; घन पदार्थ जात नसेल तर प्रसादाचा अगदी छोटा कण पाण्याबरोबर देता येतो, आणि तोही जाणार नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा आहे, पण फादरांना त्याची तयारी करून यावे लागते.

घरी फार तयारी लागत नाही. छोटे टेबल, त्यावर पांढरे कापड, क्रूस, पाण्याचा ग्लास आणि थोडा कापूस पुरे. मेणबत्ती ठेवण्याची पद्धत आहे, पण तुमच्याकडे ऑक्सिजन सुरू आहे, तेव्हा त्या खोलीत मेणबत्ती, उदबत्ती किंवा काडी काहीही पेटवू नका. शेजारच्या कोणी आग्रह केला तरी नको. फादर आल्यावर सर्वांनी खोलीबाहेर जावे. गावठाणातली घरे एकमेकांना खेटून असतात आणि ऐकू कमी येणारी वृद्ध माणसे मोठ्याने बोलतात, म्हणून पडद्यामागे उभे न राहता थेट ओटीवर किंवा अंगणात जावे आणि पाहुण्यांनाही न्यावे. कन्फेशन झाल्यावर फादर बोलावतील. मग सर्वांसमोर ते बायबलचा छोटा उतारा वाचतील, काही न बोलता आईंच्या डोक्यावर हात ठेवतील, बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल लावतील, आणि सगळे मिळून 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणतील. तुम्ही तिथे अवश्य थांबा. ख्रिस्तप्रसाद तुम्हाला घेता येणार नाही, पण प्रार्थनेत सामील होण्याला, आईंचा हात धरून बसण्याला कोणाची हरकत नसते. घरातले कॅथलिक त्यांच्याबरोबर ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतात, आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांना त्याआधीच्या तासाभराच्या उपवासाचे बंधन नाही.

या संस्काराकडून काय अपेक्षा करावी, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे, त्यांनी त्याला प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे, आणि त्याच जागी बरे होण्याचे व पापक्षमेचे अभिवचन आहे. शरीराला आराम पडावा अशी प्रार्थना चर्च खऱ्या अर्थाने करते आणि कधीकधी तसे घडतेही. पण नेहमी मिळते ते मनाचे बळ, शांती आणि आपल्या यातनांत ख्रिस्त सोबत आहे हा विश्वास. म्हणून औषध बंद करण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. यातना सोसणे पुण्याचे आहे, तेव्हा मॉर्फिन कमी करावे, असे कोणी म्हणाले तर तेही ऐकू नका. वेदना कमी करण्यासाठी औषध देताना आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली, तरी मृत्यू घडवण्याचा हेतू नसेल तर ते देणे योग्य आहे, हे पोप बाराव्या पायस यांनी 1957 मध्येच स्पष्ट केले होते आणि आजही चर्चची शिकवण तीच आहे. निष्फळ ठरलेले, केवळ त्रास वाढवणारे उपचार थांबवण्याचीही चर्च परवानगी देते. घरी सांभाळणे अवघड झाले, तर वांद्र्याचे शांती अवेदना सदन हे 1986 साली सुरू झालेले भारतातले पहिले हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह, आहे, आणि तिथे बरे न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची काळजी धर्म न पाहता घेतली जाते; डॉक्टरांशी त्याविषयी बोलून ठेवा.

आता तुमची शेवटची भीती. फादर येण्याआधीच आई बेशुद्ध झाल्या, तरीही फादरांना बोलवा. शुद्धीत असताना ज्यांनी हा आधार मागितला असता त्यांना तो बेशुद्धीतही देता येतो, आणि आईंनी तर शब्दांत मागितलेला आहे. ते फादरांना सांगा. रुग्णालयात न्यावे लागले तर ते ज्या चर्चच्या हद्दीत येते तिथे फोन करा, आणि अतिदक्षता विभागाच्या प्रमुख परिचारिकेला आधी सांगून ठेवा, म्हणजे भेटीच्या वेळेबाहेरही दहा मिनिटांची परवानगी मिळणे सोपे जाईल. वांद्र्याचे होली फॅमिली किंवा अंधेरीचे होली स्पिरिट यांसारख्या, धर्मभगिनींनी चालवलेल्या रुग्णालयांत हे फारसे समजावून सांगावेही लागत नाही. प्राण गेला आहे की नाही याबद्दल शंका असेल, तरीही तैलाभ्यंग देता येतो. मृत्यू निश्चित झाल्यावर तो दिला जात नाही, पण फादर येऊन मृतासाठी प्रार्थना करतात.

आणि फादर पोचलेच नाहीत तर? मुंबईच्या पावसात आणि रहदारीत तेही घडते. अशा वेळी आईंच्या कानाशी हळू आवाजात पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा, येशूचे नाव घ्या, 'नमो मरिया' म्हणा, क्रूस त्यांच्या हातात द्या. माणूस प्रतिसाद देत नसला तरी त्याला ऐकू येत असू शकते, म्हणून त्यांच्या उशाशी फक्त प्रेमाचे बोलावे. अंत्यविधीची आणि खर्चाची चर्चा दुसऱ्या खोलीत करावी. मनापासून पश्चात्ताप करणाऱ्याला आणि कन्फेशनची इच्छा धरणाऱ्याला देव क्षमा करतो, आणि आयुष्यात प्रार्थनेची सवय ठेवलेल्या माणसाला धर्मगुरू नसतानाही मृत्युसमयीची पूर्ण दंडमाफी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, चर्च देते. म्हणून तसे झाले तर त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. पण आज फोन हाताशी आहे आणि आई बोलू शकतात, तेव्हा तशी वेळ येऊ देण्याचे कारणही नाही.

कुवेतच्या नणंदेलाही आधी कळवा, म्हणजे आपल्याला डावलले असे तिला वाटणार नाही. बायबलचे वाचन, तैलाभ्यंग आणि प्रार्थना यांच्या वेळी तिला व्हिडिओ कॉलवर घ्यायला फादर बहुधा हरकत घेणार नाहीत. तिला आईशी बोलताही येईल. पण संस्कार फोनवरून देता येत नाहीत, तेव्हा "फादरांनाच कॉलवर घेऊन कन्फेशन उरकू" असा पर्याय कोणी सुचवला तर तो ग्राह्य नाही, हे सांगा. आणि फादर प्रत्यक्ष आल्यावर कन्फेशन सुरू होण्याआधी तो कॉल बंद करून फोन खोलीबाहेर न्या.